पोटाला उसंत
(बेळगाव सीमाभागातल्या जेवणाविषयीचा लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : वडगाव, बेळगाव. दुपारची गल्ली. यंत्रमागांचा आवाज.]

वडगाव, शहापूर, खासबाग. बेळगावच्या या भागात दुपारी गल्लीतून चाललात, तर घराघरांतून माणसांच्या आधी माग ऐकू येतात. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि जेवायचं कसं, ते बघा.

[दृश्य : मागाशेजारी स्टूल, त्यावर ताट.]

जोंधळ्याची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर ताक. या ताटात खोट काढायला जागा नाही. पण जेवणाऱ्या विणकराची नजर ताटावर नाहीच, ती धोट्यावर आहे. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटतो. हातातला घास तसाच तोंडात कोंबून ते उठतात, माग थांबवतात, धागा सांधतात, पुन्हा बसतात. मजुरी साडीमागे मिळते, त्यामुळे थांबलेला माग डोळ्यांना दिसण्याआधी खिशाला कळतो. भाकरी कधी संपली ते त्यांनाही कळलं नाही. भाजी कशी झाली होती, असं आम्ही विचारलं.

"भाजी? वांगं होतं काय? असंल की."

संध्याकाळी पोट तटतटतं, छातीत जळजळ होते, ढेकरा थांबत नाहीत. मग घरात चौकशी बसते आणि दोषी ठरतं वांगं. वातूळ म्हणून आधीच बदनाम, त्यामुळे निकाल झटपट लागतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की या खटल्यात वांग्याच्या जोडीला दुसऱ्या एका आरोपीलाही उभं करा.

[दृश्य : अन्ननलिका, जठर, आतडी यांचं साधं रेखाचित्र.]

घाई, धसका, काळजी, भांडण. यांतलं काहीही अंगात शिरलं की शरीर स्वतःला संकटात समजतं. काळीज धडधडतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, तोंडाला कोरड पडते आणि पचनाचं काम मागे ढकललं जातं. घराला आग लागलेली असताना कुणी भांडी घासत बसत नाही, तसंच. जठरातलं अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, म्हणून जडपणा येतो. मोठ्या आतड्याचं मात्र उलट होतं, त्याची हालचाल वाढते. खानापूरच्या एखाद्या गावातून एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पेपराला निघालेला पोरगा सकाळी तीनदा संडासला का पळतो, हे आता त्याच्या आईला वेगळं सांगायला नको.

ही माहिती आजची नाही. 1890 च्या दशकात वॉल्टर कॅनन हा हार्वर्डचा विद्यार्थी नव्याने सापडलेल्या क्ष-किरणांखाली मांजरांचं जठर हलताना बघत होता. मांजर बिथरलं की जठराची हालचाल थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू. त्याच सुमारास रशियात इवान पावलोव्ह कुत्र्यांवर काम करत होते. पावलोव्ह म्हटलं की आपल्याला फक्त घंटा आणि लाळ आठवते. पण त्यांना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. अन्न पोटात पोचण्याआधीच, नुसतं बघून आणि चाखून जठररस सुटू लागतो, हे त्यांनी दाखवलं. फोडणीच्या वासाने तोंडाला पाणी सुटतं तेव्हा जठरही कामाला लागलेलं असतं. नजर धोट्यावर असेल, तर या पूर्वतयारीचा बराचसा भाग राहून जातो.

आणि गॅस? त्यातला काही आतड्यातल्या जिवाणूंचा, हे खरं. पण सारख्या ढेकरा येतात ती बहुतेक वेळा गिळलेली हवा असते. भराभर खाताना, खाता खाता बोलताना आपण घासाबरोबर हवाही गिळतो.

[दृश्य : निपाणी. उंबऱ्यापाशी बसलेल्या विडी वळणाऱ्या बायका, मांडीवर सूप.]

निपाणीत आवाज नाही, पण हिशेब तोच. मजुरी हजार विड्यांवर. सूप मांडीवरून उतरवायचं म्हणजे हात थांबला. म्हणून दुपारचं जेवण पुढे पुढे जातं, भूक चहावर मारली जाते, काहीजणी दाताला मिश्री लावतात. तंबाखूतलं निकोटिन अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतं आणि जठरातलं आम्ल वर येतं. मग जळजळ.

इथेच आम्हाला एक अक्का भेटल्या. त्यांची गोष्ट घाईच्या पुढची आहे. कुणीसं सांगितलं म्हणून आधी वांगं बंद झालं. मग तूरडाळ. मग हरभरा, बटाटा, रात्रीचा भात, दही. मोबाईलवर कुणी ना कुणी रोज नवा शत्रू दाखवतंच. आता ताटात मऊ भात आणि मुगाचं वरण, आणि त्याकडेही अक्का संशयाने बघतात.

"घास उचलला की वाटतं, हे खाल्लं की दुखणार."

आणि दुखतं. कारण भीती ताटावर बसायच्या आधीच पोटात पोचलेली असते. आतडं आणि मेंदू यांच्यात व्हेगस नावाची लांब मज्जातंतू आहे. तिच्यातले बहुतेक तंतू पोटाची खबर मेंदूकडे नेणारे. सतत पहारा ठेवला, की एरवी जाणवलीही नसती अशी साधी गुडगुडसुद्धा दुखणं म्हणून जाणवू लागते. म्हणून "मनाचे खेळ आहेत" असं म्हणून अक्कांना गप्प करणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. दुखणं खरंच आहे.

काही पदार्थ काहींना खरोखरच बाधतात. दुधातली साखर न पचणारे पुष्कळ जण आपल्यात आहेत. पण ते ओळखायचं तर एका वेळी एकच पदार्थ थांबवून, पुन्हा थोडा खाऊन बघावा लागतो. दहा पदार्थ एकदम सोडले तर गुन्हेगार कधीच सापडत नाही, आणि माणूस मात्र वाळत जातो.

[दृश्य : त्याच बायका. सुपं बाजूला. डबे उघडतात.]

या गल्लीत काहीजणींनी एक तोड काढली आहे. सगळ्यांनी एकाच वेळी उठायचं. एकटी थांबली तर ती मागे पडते, सगळ्या थांबल्या तर कुणीच मागे नाही. सूप खाली, हात धुतलेले, मोबाईल कोनाड्यात. पहिल्या घासाआधी चार-पाच संथ श्वास. श्वास घेताना पोट फुगलं पाहिजे आणि सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे. पहिले दोन-तीन घास चव कळेपर्यंत चावायचे. पोट भरल्याचा निरोप पोचायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून घाईत हात आखडेपर्यंत जास्तच खाल्लेलं असतं.

जुनी माणसं ताटाभोवती पाणी फिरवून मगच जेवायची. त्यांना व्हेगस ठाऊक होती, असलं काही आम्ही म्हणणार नाही. पण त्या निमित्ताने क्षणभर थांबणं व्हायचं, एवढं खरं.

आणि एक नियम घरातल्यांसाठी. ताटावर हिशेब काढायचा नाही. पोराचे मार्क, सोसायटीचा हप्ता, जमिनीचा वाद, सुनेचं चुकलेलं मीठ, सगळं हात धुतल्यानंतर. सर्वांना वाढून झाल्यावर एकटी, उभ्याउभ्या जेवणाऱ्या बाईला हा नियम लागू होत नाही, कारण तिला ताटच नाही. आधी तिला पंगतीत बसवा.

[दृश्य : सरकारी दवाखान्याची ओपीडी, रांग.]

सगळंच टेन्शनवर ढकलू नका. अल्सर काळजीने होतो असं डॉक्टरही वर्षानुवर्षं मानत होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू दाखवून दिला आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो, आणि मागावर पाठ धरली की त्या गोळ्या मुठीने खाल्ल्या जातात. वजन आपोआप उतरणं, काळी किंवा रक्ताची शौच, घास अडकणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सारख्या उलट्या, यांतलं काही असेल तर श्वास मोजत बसायचं नाही, तपासून घ्यायचं. छातीत दाब येऊन घाम फुटला, हात-जबडा दुखू लागला, तर "गॅस असंल" म्हणून सोडा पीत थांबू नका. 108 ला फोन करा.

आणि अक्कांसारखी खाण्याचीच धास्ती बसली असेल, तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे. क्रमांक 14416. फोन फुकट, दिवसरात्र सुरू. कन्नडमध्ये मनातलं सांगता येत नाही म्हणून फोन टाळू नका. सुरुवातीलाच भाषा विचारतात, तिथे मराठी निवडायची.