आधी भोपळ्याचं पाणी, मग चीज

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी आता मी म्हणायला लागली आहे. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या यायचे हे दिवस. खाली साताऱ्यात, कराडला किंवा सांगलीला इतका कडाका नसतो, पण दिवेलागण झाली की स्वयंपाकघरातून हलावंसं वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये कुणी तासभर ओव्हन लावा म्हटलं तर आपण लांबूनच हात जोडू. आत्ता मात्र तो लावायला निमित्तच हवं असतं. म्हणून आज बोलणार आहे भोपळ्याच्या एका भाजलेल्या, चीज घातलेल्या पदार्थाबद्दल. अमेरिकेत याला कॅसरोल म्हणतात. आपल्याकडे चपात्या गरम ठेवायचा डबा असतो, तो नव्हे. खोलगट भांड्यात भाजी, पांढरा सॉस आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजायचं आणि त्याच भांड्यातून गरम गरम वाढायचं, असा हा प्रकार.

कागद-पेन इतक्यात शोधू नका, मापं पुढं सांगणार आहे. आधी हे ऐका, की हा पदार्थ फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं. वरून सुरेख सोनेरी दिसतो, आणि डाव घातला की तळाशी पाणी. मग बायका काय करतात, पुढच्या वेळी चीज दुप्पट घालतात. चीज वाढवून पाणी कसं कमी होईल? भोपळ्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, झुकिनीत तर ९५. ते आधी बाहेर काढलं नाही, तर ओव्हनच्या उष्णतेनं भांड्यात सुटणार आणि सॉस पातळ करून टाकणार. पाण्याचा बंदोबस्त झाला की बाकीचं काम सोपं आहे.

तिकडे या पदार्थाच्या दोन तऱ्हा आहेत. अमेरिकेच्या दक्षिण भागात उन्हाळी, पिवळी, कोवळी स्क्वॉश घेतात. झुकिनीचीच ती बहीण. तिच्यात कांदा, अंडं, चेडर चीज घालतात आणि वर खारट बिस्किटांचा लोण्यात परतलेला चुरा. दुसरी तऱ्हा थंडीतली, टणक सालीच्या, केशरी गराच्या भोपळ्याची. त्यात बटरनट नावाचा भोपळा फार वापरतात. हा बटरनट पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत मिळतो, पण त्यासाठी तिकडे जायची काही गरज नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावर वेल पसरतो तो लाल भोपळा, कुणी त्याला डांगर म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी याच जातीचा. शास्त्रीय नाव दोघांचं एकच, कुकुर्बिटा मोशाटा. भोपळ्याचं मूळ घरही अमेरिका खंडच. मिरची, मका, बटाटा तिकडून आले, तसाच हाही आलेला. तेव्हा घारगे करणाऱ्या घरात हा पदार्थ परका वाटायचं कारण नाही. फरक एवढाच, की आपला भोपळा बटरनटपेक्षा बहुधा जास्त पाणीदार असतो. म्हणून परदेशी कृती जशीच्या तशी उचलली की गडबड होते.

आता मंडईत जाऊ. अख्खा भोपळा घेत असाल तर देठ बघा. देठ वाळून लाकडासारखा टणक झालेला असावा आणि फळाला घट्ट चिकटलेला असावा. सालीवर नख दाबून पाहा. नख सहज रुतलं तर फळ कोवळं आहे, भाजीला चालेल, आपल्या कामाचं नाही. जमिनीवर टेकलेली बाजू पिवळसर दिसते, त्यानं घाबरू नका. असा पक्का भोपळा देठासकट कोरड्या, हवेशीर जागी ठेवला तर महिनेच्या महिने टिकतो. पूर्वी माळ्यावर भोपळे ठेवायचे ते याचसाठी. कापलेली फोड घेत असाल तर गराचा रंग गडद केशरी हवा आणि गर जाड हवा. फोड उचलून पाहा, आकाराच्या मानानं जड लागली पाहिजे. आणि घरी आणल्यावर पहिल्यांदा बियांचा मऊ, तंतूमय भाग चमच्यानं खरवडून काढा. कापलेला भोपळा नासायला लागतो तो तिथूनच. बिया मात्र टाकू नका, धुऊन वाळवा.

एक सावधगिरीची सूचना. भोपळा असो, दुधी असो की झुकिनी, कच्चा एवढासा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि सगळं फळ फेकून द्या. या कुळातल्या फळांत कधी कधी कडू विषारी द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. दहा-वीस रुपयांच्या फोडीसाठी जोखीम घेऊ नये.

आता घ्या कागद-पेन. चार माणसांसाठी पाऊण किलो लाल भोपळा, साल काढून बोटाच्या पेराएवढ्या फोडी. दोन मोठे कांदे. लसणाच्या पाच-सहा पाकळ्या. दोन मोठे चमचे लोणी, दोन मोठे चमचे मैदा, दीड कप दूध. शंभर ग्रॅम चीज. चार-पाच खारी. मीठ, मिरी, जायफळ.

फोडी कुकरला लावू नका, हे दोनदा सांगते. कुकरमध्ये भोपळा मऊ होतो, पण त्याचं पाणी त्याच्यातच राहतं. फोडींना दोन छोटे चमचे तेल आणि थोडं मीठ चोळा, आणि ओव्हनच्या सपाट ट्रेमध्ये एकाच थरात पसरा. एकावर एक रचल्या तर त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. कडा किंचित तपकिरी झाल्या, फोड बोटानं दाबली की दबली पण फुटली नाही, की झालं. ओव्हन नसेल तर पसरट लोखंडी कढई किंवा तवा घ्या, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर दोन घाण्यांत परता. सुरुवातीला कढईतून चर्र आवाज येतो, तो पाण्याचा. तो हळूहळू बारीक होत जातो आणि भोपळ्याला गोडसर भाजका वास सुटतो. तिथं गॅस बंद करा. झुकिनी असेल तर काम वेगळं. तिच्या चकत्या करून मीठ लावून चाळणीत अर्धा तास ठेवा, मग पंचात घालून पिळा. कोशिंबिरीसाठी काकडी पिळतो तशीच. खाली किती पाणी जमतं ते एकदा बघाच.

कांदा लोण्याच्या थेंबावर मंद आचेवर मऊ, गुलाबी होईपर्यंत परता. घाई करू नका, पंधरा मिनिटं लागतात. त्यात ठेचलेला लसूण. आणि इथं माझी एक पुस्ती. अर्धा छोटा चमचा आपला कांदा-लसूण मसाला घाला. अर्धाच. आपल्याकडे हात सैल असतो हे मला ठाऊक आहे, पण दोन चमचे घातलात तर चीजची चव मरेल आणि उरेल ती भोपळ्याची रस्सेदार भाजी. मसाल्यातही मीठ आहे, चीजमध्येही आहे, तेव्हा सॉसमध्ये वेगळं मीठ शेवटी चव बघूनच.

सॉससाठी लोणी वितळलं की मैदा घाला, मंद आचेवर दोन मिनिटं भाजा, कच्चा वास गेला पाहिजे, रंग बदलता कामा नये. दूध थोडं थोडं ओतत ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर सॉसचा थर बसला आणि त्यावरून बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली, की गॅस बंद. चीज घालायचं ते गॅस बंद केल्यावर. उकळत्या सॉसमध्ये चेडर पडलं तर त्यातली चरबी सुटून तेलाचा तवंग येतो. मैद्यातलं पिष्ट हे सुटणं बरंच आवरतं, पण आच सोसायलाही मर्यादा आहे.

कुठलं चीज, हा प्रश्न नेहमी येतो. आपल्याकडच्या दुकानांत क्यूबचं प्रोसेस्ड चीज सहज मिळतं. खाणाऱ्यांतले दर्दी त्याला नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. त्यात चीज एकजीव ठेवणारे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते फुटत नाही आणि सॉसमध्ये गुळगुळीत मिसळतं. चवीला चेडर सरस हे खरंच, मिळालं तर निम्मं-निम्मं करा. मोझरेला मात्र सॉसमध्ये घालू नका. तार सुटते म्हणून मुलांना आवडतं, पण सॉसमध्ये त्याच्या गुठळ्या होतात आणि पदार्थ जरा निवला की चिवट. घालायचंच तर वरून मूठभर. पनीर वितळत नाही. ते गरम दूध आंबट पदार्थानं फाडून केलेलं असतं, त्यातलं बरंचसं कॅल्शियम सुटलेल्या पाण्याबरोबर निघून जातं, म्हणून कितीही तापवा, आकार सोडत नाही. तरी चीज महाग वाटत असेल तर पन्नास ग्रॅम चीज आणि पन्नास ग्रॅम कुस्करलेलं पनीर चालतं. पाकिटावरचे घटक तेवढे वाचा. वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते परत ठेवा.

भोपळा, कांदा आणि सॉस हलक्या हातानं एकत्र करा. अंडं चालत असेल तर एक फेटून घाला, वडी नीट धरते. न खाणाऱ्यांनी काहीच घालू नये, सॉस जाड असला की पुरतं. सगळं लोणी लावलेल्या खोलगट भांड्यात ओता. काचेचं भांडं असेल तर उत्तम, केकचा अॅल्युमिनियमचा डबाही चालतो.

आता वरचा थर. अमेरिकेत त्यासाठी खारट बिस्किटं वापरतात. आपल्या बेकऱ्यांत त्यापेक्षा सरस वस्तू पडून असते, ती म्हणजे खारी. पदर सुटलेली, मुळातच तुपकट, किंचित खारट. हातानं चुरा करा, मिक्सरला लावू नका, पीठ होईल. टोस्ट घेऊ नका, आपले टोस्ट गोड असतात आणि त्यांना बरेचदा वेलदोड्याचा वास असतो. चुऱ्यात चमचाभर लोणी आणि चमचाभर तीळ मिसळा. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर तीळ लावतो ते हेच दिवस, घरात तीळ असतातच. मघाच्या भोपळ्याच्या बिया सोलून घातल्या तर अजून छान.

ओव्हन आधी तापवून १८० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा विजेचा ओव्हन असेल, तर शेवटची पाच मिनिटं फक्त वरची कॉइल लावा आणि तिथून हलू नका, खारी करपायला वेळ लागत नाही. कडेनं सॉसचे बुडबुडे दिसले की बाहेर काढा, आणि दहा मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात सॉस आवळतो.

ओव्हन नाही? जुना जाड बुडाचा कुकर घ्या. शिटी आणि रबरी रिंग काढा, पाणी अजिबात नको, तळाशी दीड-दोन वाट्या मीठ पसरा, त्यावर स्टँड. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग भांडं ठेवून झाकण लावा, मंद आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटं. यात वरून रंग येत नाही, म्हणून खारीचा चुरा तव्यावर वेगळा परतून वाढताना भुरभुरवा. कोकणात काकडीचं धोंडस करताना झाकणावरही निखारे ठेवायची पद्धत आहे. खाली-वर दोन्हीकडून आच द्यायची ही युक्ती आपल्या लोकांना ओव्हनच्या आधीपासून माहीत आहे. गावाकडे चूल असेल, झाकण सपाट असेल, तर हेही करून बघा.

महाबळेश्वर-पाचगणीच्या श्रोत्यांसाठी एक वेगळी सूचना. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटरवर आहे. तिथं पाणी १०० नव्हे, ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून पाण्यात किंवा वाफेवर शिजवायच्या कुठल्याही गोष्टीला तिकडे जास्त वेळ लागतो. ओव्हनचे १८० अंश मात्र तिथंही १८०च. तेव्हा भोपळा वाफवण्यापेक्षा भाजण्यात तुमचा तर दुहेरी फायदा.

वाढायचं कशाबरोबर? पाव सगळेच सांगतात. माझं मत शाळूच्या कडक भाकरीला. माण-खटाव, जत-आटपाडीकडची पांढरीशुभ्र शाळू असेल तर तिचा पापुद्रा मोडून या सॉसमध्ये बुडवा, शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा. पदार्थ गोडसर आणि तुपकट आहे, त्याला तिखटाची जोड लागतेच. सोबत अजून एखादी तेलकट भाजी करू नका, पोटाला जड होईल. आणि भोपळ्याला केशरी रंग देणारं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो, तो इथं भरपूर आहे. वजनावर लक्ष ठेवणाऱ्यांनी वाटीभरच घ्यावं आणि बाकीची भूक कोशिंबिरीवर भागवावी.

उरलं तर झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहील. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घातलं तर खारी मऊ पडते. त्यापेक्षा जाड तव्यावर थेंबभर तूप सोडा, थापून ठेवा, झाकण न लावता मंद आचेवर खालून खरपूस होऊ द्या आणि उलथन्यानं एकदाच उलटा. सकाळी मुलांच्या डब्यात चपातीत गुंडाळून द्यायला हे बरं पडतं. फक्त डब्यात भरायच्या आधी पूर्ण निवू द्या, नाहीतर झाकणाला घाम सुटतो आणि चपाती ओली होते.

नमस्कार.