फाटकासमोरचा गाळ

(दृश्य: मे महिन्याची सकाळ. रिकामी गल्ली. कूलरचा आवाज. नालीवरची फरशी सब्बलीने उचलली जाते.)

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू आहे. सकाळचे साडेसात वाजलेत आणि ऊन आत्ताच अंगाला चटके देतंय. नागपुरातल्या एका जुन्या लेआउटमधली ही आमची गल्ली. लांबी साधारण दीडशे मीटर, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा घरं, आणि प्रत्येक फाटकाला लागून दीड फूट खोल, एक फूट रुंद नाली. मी इथे सत्तावीस वर्षं राहतो. हा व्हिडिओ आमच्या गल्लीतल्या तिघांनी मिळून केला, मोबाइलवर. नवतप्यापासून तान्ह्या पोळ्यापर्यंत, जेव्हा जमलं तेव्हा.

आज नालीसफाईचा दिवस आहे. दरवर्षी याची वाट बघतो आम्ही. पोकलेन आधी नाग नदीत उतरतो, मग मोठ्या नाल्यांमध्ये, आणि सगळ्यात शेवटी फावडं-घमेलं घेतलेली माणसं गल्ल्यांमध्ये येतात. हा क्रम बरोबरच आहे. नदी तुंबली तर गल्लीतलं पाणी जाणार कुठे? आमच्या नालीचं पाणी नाल्यात, नाल्याचं नाग नदीत, आणि नाग नदी पुढे पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळते. वाट खालून मोकळी करत यावं लागतं. आम्ही शेवटी आहोत, याची आमची तक्रार नाही.

(दृश्य: जवळून. फावड्यावर काळा गाळ. त्यातून लोंबणारी पन्नी.)

हे जरा नीट बघा. नालीतून हे निघतंय. काळाकुट्ट, लोण्यासारखा गाळ. त्यात पन्न्या, खर्ऱ्याचे कागद, बांधकामाची रेती, नारळाची करवंटी, एक लहान मुलाची चप्पल. मी काठी घालून मोजलं. अठरा इंच खोल नालीत अकरा इंच गाळ होता. म्हणजे पाण्यासाठी उरली होती सात इंच जागा.

काम करणारे तिघं जण आहेत. पायात साध्या चपला, हातात मोजे नाहीत. ही म्हणायला पावसाळी नाली, पण काही घरांचं मोरीचं पाणीही तिच्यातच सोडलेलं आहे. वास येतोय, तो त्याचा. अशा पाण्यात पिंडऱ्यांपर्यंत उभं राहून माणसाने फावडं मारावं आणि त्याच्या पायात गमबूटसुद्धा नसावा, हे बघताना मला लाज वाटली. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: या माणसांनी त्यांचं काम चोख केलं. नालीचा तळ दिसेपर्यंत केलं.

तिसऱ्या घरच्या काकूंनी त्यांना माठातलं पाणी दिलं आणि विचारलं,

"भाऊ, हे उचलायला गाडी कधी येईन?"

"येते दोन दिवसानं काकू. थोडं वाळू द्या ना. ओलं भरलं का पूर्ण रस्त्यानं सांडत जाते."

खरं आहे ते. ओला गाळ लगेच ट्रॉलीत भरला तर अर्धा वाटेतच गळतो. एक-दोन दिवस वाळू देणं हा कामाचाच भाग आहे. म्हणून तीस फाटकांसमोर, नालीच्या अगदी काठावर, तीस ढीग लागले. गुडघ्याएवढे. आम्ही काही बोललो नाही. दोन दिवसांचाच तर प्रश्न होता.

(दृश्य: तोच ढीग, तीच जागा. दुसरा दिवस. चौथा. सातवा.)

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही.

चौथ्या दिवशी ढीग वरून वाळून त्याला भेगा पडल्या. आत काडी खुपसली तर अजून ओलाच होता. कोपऱ्यावरचे आजोबा वॉकर घेऊन रोज सकाळी चौकापर्यंत जातात. डॉक्टरांनी सांगितलंय, चालणं बंद करायचं नाही. ते फाटक उघडायचे, ढिगाकडे बघायचे आणि परत व्हरांड्यात येऊन बसायचे. त्यांच्या सुनेने एक जुनी फळी टाकून दिली, पण फळीवर वॉकरचे चारही पाय मावत नाहीत. शेवटी मी आणि समोरचा मुलगा, दोघांनी मिळून तो ढीग फावड्याने बाजूला सारला. बाजूला म्हणजे कुठे, तर शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या तोंडाशी. तिथे राहणारं कोणी नाही म्हणून. ते योग्य नव्हतं, पण आजोबांना रस्ता हवा होता.

सातव्या दिवशी समोरच्या मुलाने मोबाइलवरून महापालिकेकडे तक्रार टाकली. फोटो जोडला, गल्लीचं नाव लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

(दृश्य: मोबाइलचा पडदा जवळून. "काम पूर्ण. तक्रार निकाली." मागे, थोडा धूसर, तोच ढीग.)

"काम पूर्ण." सफाईचं काम पूर्ण झालं होतंच, त्यात खोटं काही नव्हतं. कागदावर नाली साफ, प्रत्यक्षातही नाली साफ. फक्त नालीतलं सगळं आमच्या दारात होतं. मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं, की गाळ काढणं एका ठेक्यात आहे आणि गाळ उचलणं दुसऱ्यात. उचलणाऱ्याची गाडी मोठ्या रस्त्यांवर लागली आहे. येईल. त्यांचा आवाज चढला नाही, माझाही नाही. त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्यांच्या अर्जांचा चांगला जाड गठ्ठा होता.

मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं, की आमच्या गल्लीचं काम मोजणारी जी पट्टी आहे, ती आमच्या फाटकापर्यंत पोहोचतच नाही. नाली किती मीटर काढली, हे मोजलं जातं. त्या नालीकाठी राहणारा माणूस घराबाहेर पडू शकतो का, हे कुठल्याच रकान्यात नाही.

(दृश्य: संध्याकाळ. आभाळ काळं. वारा, धूळ, कडुनिंब हलतोय.)

मृग लागला. आणि एका संध्याकाळी, सव्वापाचला, पाऊस आला. चाळीस मिनिटं पडला, पण दणकून पडला.

हा भाग मी ओसरीत उभं राहून एका हातात छत्री धरून घेतलाय, म्हणून चित्र हलतंय. पण ढिगाकडे लक्ष ठेवा. आधी वरचा वाळलेला पापुद्रा सुटला. मग कडेने काळी धार लागली. मग एक मोठा तुकडा सरकला आणि सरळ नालीत गेला. दहा मिनिटांत निम्मा ढीग जिथून आला होता तिथे परत. त्या तिघांनी नवतप्याच्या उन्हात, पाठ मोडेपर्यंत उपसलेला गाळ. एवढ्या मेहनतीचं असं मातेरं होताना बघून पोटात तुटलं माझ्या.

नंतर पाणी आमच्या अंगणात आलं. ते का आलं, हे समजून घ्यायचं तर रस्त्याबद्दल बोलावं लागेल.

(दृश्य: टेप. एक टोक रस्त्याच्या काठावर, दुसरं अंगणात.)

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत सिमेंट रस्ता झाला. आम्हालाच हवा होता. डांबरी रस्ता दर पावसाळ्यात उखडायचा. आमच्याकडे खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, तिच्यावर डांबर टिकणं कठीण. सिमेंट टिकतं. टिकलंच आहे, एक खड्डा नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण जुनं डांबर खरवडून काढलं नाही. त्याच्यावर गिट्टी, गिट्टीवर आठ इंच काँक्रीट, आणि काठाने गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, बसवले. आज रस्त्याचा काठ माझ्या अंगणापेक्षा अकरा इंच उंच आहे. ज्या घराला तीन पायऱ्या चढून जायचं, तिथे आता रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून अंगणात जायचं आणि मग परत चढायचं.

सिमेंट रस्त्याला मधून काठाकडे साधारण 2 टक्के उतार ठेवतात. म्हणजे 2 मीटरमागे 4 सेंटीमीटर. एवढासा उतार, पण पाण्याला तेवढा पुरतो. आमच्याकडे तो दोन्हीकडे नाही, एकाच बाजूला आहे. हे बघा, मी रस्त्याच्या मधोमध एक तांब्या पाणी ओततोय. सगळं पाणी डावीकडे वळलं. डावीकडची पंधरा घरं गल्लीचं सगळं पाणी घेतात.

किती पाणी? मी साधा हिशेब केला. प्लॉट पंधराशे चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे 139 चौरस मीटर. तीस प्लॉट आणि मधली वीस फुटी जागा धरली, तर सगळी गल्ली पाच हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. तिच्यावर 1 सेंटीमीटर पाऊस पडला, की 50 हजार लिटर पाणी होतं. पाच हजार लिटरचे दहा टँकर. पूर्वी यातलं बरंच अंगणातली माती पिऊन टाकायची. आता अंगणात टाइल्स आहेत, रस्त्यावर सिमेंट आहे, काठाला गट्टू आहेत. दहाच्या दहा टँकर नालीनेच न्यायचे. आणि नालीत तर तो गाळ परत जाऊन बसलेला.

(दृश्य: पाण्याखालचं अंगण. तरंगणारी चप्पल.)

कोणी म्हणेल, घोट्याएवढं तर पाणी, त्याचं एवढं काय. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट ज्यांनी नागपुरात काढली आहे, ते तसं म्हणणार नाहीत. चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत आली. झोपलेल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं. एनडीआरएफ आणि सैन्याच्या तुकड्यांना लोकांना बाहेर काढावं लागलं, आणि माणसंही गेली. आमची गल्ली नदीपासून दूर आहे, आम्ही वाचलो. पण त्या रात्रीनंतर काकू पावसाचा आवाज आला की उठून बसतात. आधी गॅस सिलिंडर ओट्यावर चढवतात, मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातली कागदपत्रं काढतात. जूनमधल्या त्या संध्याकाळीही त्यांनी तेच केलं. नालीत सात इंच जागा आहे की अठरा, यावर त्यांची झोप ठरते.

इथे एक गोष्ट आमच्याबद्दलही सांगायची आहे. नालीवर फरश्या कोणी टाकल्या? आम्ही. गाडी चढवायला फाटकासमोर सिमेंटचा उतार कोणी केला, आणि त्याच्याखाली पाइप बारीक टाकला? सहा घरांनी, त्यात माझंही आहे. जुलैत मी माझा उतार फोडला आणि खाली मोठा पाइप टाकून घेतला. खालून दोन टोपली गाळ निघाला, कित्येक वर्षांचा. तो मी स्वतः दूर नेऊन टाकला. समोरच्यांनी त्यांचा फोडला. बाकी चौघांशी बोलणं सुरू आहे.

(दृश्य: व्हिडिओ कॉल. पडद्यावर पांढरा रस्ता.)

काकूंचा मुलगा टोरांटोला असतो. त्याला आम्ही ढिगाचा व्हिडिओ पाठवला, तर तो म्हणाला, "आई, आमच्याकडे बर्फाचं सेम असंच होते." रस्त्यावरचा बर्फ सारणारं यंत्र येतं, रस्ता स्वच्छ करतं, आणि सारलेला सगळा बर्फ काठाच्या घरांच्या तोंडाशी बांधासारखा लावून निघून जातं. रात्रीतून तो गोठून दगड होतो. सकाळी ऑफिसला निघालेला माणूस आधी फावडं घेतो. लोक भयंकर चिडतात म्हणे. पण पुढे त्याने जे सांगितलं ते मी लिहून ठेवलं. तिथे मोठं यंत्र गेल्यावर जिथे शक्य असेल तिथे शहराचं दुसरं यंत्र येतं, घरांच्या तोंडाशी साचलेला तो बांध मोकळा करायला. म्हणजे घराचं तोंड मोकळं होणं हेही काम आहे, असं कोणीतरी ठरवलं, त्यासाठी माणूस नेमला, पैसे धरले.

आमचं मागणं तेवढंच आहे. गाळ काढणारा आणि उचलणारा एकाच ठेक्यात असू द्या. तसं जमत नसेल, तर उचलायची तारीख ठरवा आणि ती गल्लीच्या तोंडावर लावा. उचलल्याशिवाय "काम पूर्ण" लिहू नका. हे सगळं आम्ही तीस घरांच्या सह्यांनी लिहून दिलंय. पोच घेतली आहे, शिक्का बघा, स्पष्ट आहे.

(दृश्य: ढोल. गल्लीत लहान मुलं, हातात लाकडी बैल.)

गाडी शेवटी आली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका दुपारी. एकवीस ढिगांचं जे काही उरलं होतं ते घेऊन गेली. नऊ ढीग राहिले. त्यांच्यावर आता गवत उगवलंय.

आज तान्हा पोळा आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा पोळा. तिकडे शहरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघाली आहे, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, हा आवाज दुपारपर्यंत ऐकू येत राहील. आमच्या गल्लीतल्या मुलांनीही खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक बडग्या, मारबतीसोबत निघतो तसा पुतळा, केलाय. त्याच्या छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: नालीतला गाळ. अक्षर चौथीतल्या मुलीचं आहे. आम्ही कोणीच तिला सांगितलं नव्हतं.

मुलं बैल घेऊन घरोघरी बोजारा मागायला निघालीत. कोपऱ्यावरच्या फाटकाशी आजोबा वॉकर धरून उभे आहेत, दुसऱ्या हातात दहा-दहाच्या नोटा. मुलं तिथवर येतात. शेजारच्या प्लॉटसमोरचा तो ढीग, मीच सारलेला, निम्मा रस्ता अडवून बसलाय. सगळ्यात लहान मुलगा थांबतो, आपला बैल दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घेतो आणि गवतावरून हळूहळू पलीकडे जातो.