दोरीनं सुरू होणारं डिझेल

[पहाट. गोठ्यामागचं पत्र्याचं शेड. दोरी गुंडाळणारे हात.]

दोरी साधीच आहे, विहिरीच्या बादलीला बांधतात तसली. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला बाभळीची मूठ. गाठ चाकाच्या खाचेत अडकवायची, वेढे द्यायचे आणि एका दमात ओढायची.

[फट्... फट्. शांतता. पुन्हा दोरी.]

तिसऱ्या ओढीला जागं झालंय ते ट्रॅक्टरला उठवणारं इंजिन. ट्रॅक्टरचं अजून झोपलेलंच आहे. हे छोटं दोन सिलिंडरचं, पेट्रोलवर चालतं. जगभरचे शौकीन याला पोनी म्हणतात, म्हणजे तट्टू. चोपडा तालुक्यातल्या या मळ्यात आबा त्याला ‘पिल्लू’ म्हणतात.

आणि ज्याला उठवायचं तो हा कॅटरपिलर डी-टू. गावच्या भाषेत चेनचा ट्रॅक्टर.

[पिल्लाचा पाइप. धूर नाही, नुसती थरथर. आबा बाजेवर बसलेले.]

नातू दांड्याला हात घालतो. आबा बाजेवरूनच म्हणतात, “थांब भो, पानी तपू दे.”

‘पानी तपू दे’, या तीन शब्दांत अख्खं यंत्र आहे. पिल्लू आणि मोठं इंजिन, दोघांचं पाणी एकच. पिल्लू तापलं की तेच पाणी डिझेलच्या अंगात फिरतं. पिल्लाचा गरम धूरसुद्धा वाया जात नाही. तो डिझेलच्या हवा ओढणाऱ्या नळीला शेकत बाहेर पडतो. ना बॅटरी, ना सेल्फ.

आता एक दांडा: पिल्लाचा दाता मोठ्या फ्लायव्हीलमध्ये बसतो. दुसरा दांडा: क्लच लागतो. डिझेल फिरायला लागतं, पण दम न धरता, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, अजून सोडलेलं आहे. तेवढ्यात ऑइलचा काटा वर येतो. घड्याळ नको, काटा सांगतो. मग कॉम्प्रेशन बसवायचं आणि डिझेल द्यायचं.

[काळा धूर. पहिला ठोका. दुसरा. कबुतरं उडतात. इथे निवेदन नको, आवाज राहू द्या.]

चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास चार इंच, दट्ट्याची धाव पाच इंच. पिल्लाचा दाता आपोआप सुटतो. आणि आता बघा: आबा पिल्लू बंद करायला पेट्रोलचा कॉक फिरवतात. कार्ब्युरेटरमधला शेवटचा थेंब जळून पिल्लू आपलं आपण थांबतं. आत पेट्रोल राहिलं तर महिन्याभरात त्याचा डिंक होतो.

[मातीत उमटलेल्या दात्यांच्या खुणा.]

चाकं चिखलात रुततात, म्हणून ही चेन आली. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळची जमीन अशीच मऊ होती. तिथे बेंजामिन होल्टनं २४ नोव्हेंबर १९०४ रोजी वाफेच्या ट्रॅक्टरची चाकं काढून लाकडी फळ्यांच्या चेनवर तो चालवून पाहिला. बघणाऱ्याला तो सुरवंटासारखा, इंग्रजीत कॅटरपिलरसारखा, सरपटताना दिसला, तेच नाव पडलं. कपाशीच्या मुलखात अळीचं नाव कौतुकानं घ्यायचं म्हणजे जरा अवघडच. १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एक होऊन कॅटरपिलर झाली. डी-टू निघाला १९३८ ते १९५७. आबांच्या पाटीवर ‘५यू’ आहे, म्हणजे युद्धानंतरचा, दोन्ही चेनमध्ये ५० इंच अंतर असलेला.

असली यंत्रं आपल्या देशात कशी रुळली, तीही मोठी गोष्ट आहे. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराची मागे उरलेली यंत्रं घेऊन केंद्र सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. सातपुड्यापलीकडच्या काळ्या जमिनीत माजलेलं कांस गवत मुळासकट काढायचं, हे तिचं काम. १९४९ मध्ये जागतिक बँकेनं याच कामाच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं.

[नातू बसलेला. दोन दांडे, खाली दोन ब्रेक.]

स्टिअरिंगचं चाक शोधू नका. डावा दांडा ओढला की डाव्या चेनची ताकद तुटते, उजवी ढकलत राहते, यंत्र डावीकडे वळतं. गर्रकन वळायचं तर डावा ब्रेकही दाबा. पण नाल्याच्या उतारावर हेच सगळं उलटं होतं. यंत्र स्वतःच्या वजनानं घसरत असतं, सुटलेली चेन पुढे पळते, जोडलेलीला इंजिन अडवून धरतं. डावा ओढला तर उजवीकडे! नवशिका इथेच फसतो. नातूही फसला होता, केळीची दोन खोडं गेली.

[चेनचा जवळून शॉट. आबांचं बोट.]

चेनच्या कड्या जोडणारी ही पिन, तिच्यावरची नळी म्हणजे हे बुश. यांना ग्रीस लावायचं नाही. ग्रीसला माती चिकटते आणि ती माती सहाणेसारखं लोखंड खाते. कोरडंच चालू द्यायचं, कुरकुरलं तर कुरकुरू द्यायचं. एका बाजूनं झिजलं की पिन-बुश काढून अर्धा फेरा फिरवून परत ठोकायचं. दुसरी बाजू कोरीच असते. वापरा आणि फेका म्हणणाऱ्यांनी हा भाग दोनदा बघावा.

[जुन्या बांधाची जागा. सपाट शेत, लांबपर्यंत केळी.]

अशा यंत्रांनी तापीकाठच्या घळी भरल्या. बांध गेले, बांधावरचे निंब गेले, पावसाच्या पाण्यानं वाट बदलली.

[भंगाराच्या दुकानातला काटा. गंजलेले रोलर.]

किलोच्या भावात जाणारं हे लोखंड. रोलर, आयडलर, स्प्रॉकेट... चेन ज्यांच्यावर फिरते ती चाकं. आबा दर दोन महिन्यांनी इथे येतात आणि ढिगात हात घालतात. आज एक रोलर मिळाला. सीलची जागा शाबूत आहे, आबांनी नख फिरवून पाहिलं.

[शेड. संध्याकाळ. चेन सैल करून जमिनीवर पसरलेली.]

उजव्या बाजूची पिन-बुश मागच्या उन्हाळ्यात फिरवून झाली. डावी राहिली आहे. पिना हातोड्यानं निघत नाहीत, प्रेस लागतो, म्हणून ही अख्खी चेन उद्या ट्रॉलीत घालून जळगावला न्यायची. चढवायला चार माणसं सांगून ठेवली आहेत.