आजी, दुष्काळात तुमचं लग्न झालं होतं का?

नमस्कार श्रोतेहो. सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या एखाद्या आजींना वय विचारा. "असंल की साठ." शेजारच्या म्हणतील पासष्ट, पलीकडच्या सत्तर. सगळी वयं शून्यावर नाही तर पाचावर येऊन थांबतात. बीपी, साखर, लकवा, विसराळूपणा हे उतारवयातले आजार कशाने बळावतात, याचा घरोघरी विचारपूस करून अभ्यास करताना पहिली चूक इथंच होते. या आजारांत वय हेच सर्वांत मोठं कारण. तेच पाच वर्षांनी हुकलं तर पुढचा हिशेब कसा जुळणार? आधार कार्डावर १ जून किंवा १ जानेवारी दिसली, तर तीही बहुधा अंदाजानेच घातलेली. म्हणून असं विचारावं, "७२च्या दुष्काळात लग्न झालं होतं का? ९३ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा थोरला कितवीत होता?"

तंबाखूचंही तसंच. "तंबाखू खाता का?" म्हटलं की "छे, छे!" सकाळी मशेरी लावतात, पण ते काही खाणं नव्हे! मशेरी, मावा, गुटखा, विडी, एकेक नाव घेऊनच विचारावं. "सोडली" म्हणाले तर कधी आणि का, हेही. छातीत दुखू लागल्यावर सोडणारे पुष्कळ असतात. ते न विचारता सगळे एकाच रकान्यात घातले, तर तंबाखू सोडणंच धोक्याचं आहे असं कागदावर दिसतं.

आता बीपी. ते वयानुसार वाढायचंच, असं डॉक्टरही एके काळी मानत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ पासून ५,२०९ जणांना वर्षानुवर्षं तपासलं, तेव्हा वाढलेलं बीपी हृदयविकाराची वाट करून देतं हे पक्कं झालं. मोजायचं मात्र नीट. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीवर. दंड जाड आणि पट्टा लहान असेल, तर आकडा खोटाच वर जातो. मोजताना सुनेशी बोललं तरी वाढतो. तीनदा मोजून पहिला आकडा सोडावा, उरलेल्या दोहोंची सरासरी धरावी.

अशा अभ्यासात विचारपूस करणारी माणसं काही वर्षांनी पुन्हा दारात येतात. तोवर मुलाकडे पुण्याला राहायला गेलात, तर नवा पत्ता आणि फोन शेजारी देऊन ठेवा. थकल्यावरच माणूस मुलाकडे जातो. अशांची गाठ पडली नाही, तर यादीत धडधाकट तेवढेच उरतात.