कॉलेजचा टेनिस कोच खेळाडू कसा निवडतो

(दृश्य : अमेरिकेतल्या एका कॉलेजचं टेनिस कोर्ट, सराव सुरू आहे.)

अमेरिकन कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या, टेनिस सामन्यात सहा एकेरी आणि तीन दुहेरी लढती होतात. त्यामुळे कोचचा पहिला प्रश्न असतो, येत्या मे महिन्यात पदवी घेऊन कोण कोण जाणार? दोघं जाणार असतील तर दोनच जागा. हायस्कूलमधला मुलगा कितीही चांगला खेळत असला, तरी त्याच्या वर्षी जागा नसेल तर गाडी पुढे सरकत नाही.

मग येतं यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग), म्हणजे खेळाडूच्या दर्जाचं १ ते १६.५ पर्यंतचं रेटिंग. कोच आपल्या पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूशी नव्या मुलाची तुलना करतो. हीच तुलना पालकांनी ईमेल पाठवण्याआधी केली, तर निम्मी धावपळ वाचते.

दहावीचं वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपूर्वी डिव्हिजन वनचा कोच नियमानुसार फोन करू किंवा उत्तर देऊ शकत नाही. फार तर फॉर्म किंवा कॅम्पची माहिती पाठवतो. पण ईमेल वाचतो, सामनेही बघतो. तेव्हा आधीच्या शांततेने खचायचं कारण नाही. १५ जूननंतर मात्र दोन-तीन स्मरणपत्रांनाही उत्तर आलं नाही, तर ते कॉलेज यादीतून काढावं.

ईमेलच्या विषयातच नाव, हायस्कूल संपण्याचं वर्ष, यूटीआर आणि जीपीए (हायस्कूलच्या गुणांची ४ पैकी सरासरी) लिहा. खाली पुढच्या स्पर्धांच्या तारखा आणि व्हिडिओची लिंक. एकच मजकूर सगळीकडे पाठवताना दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहून गेलं, की तो ईमेल तिथेच संपतो.

(दृश्य : बेसलाइनमागून, उंचावरून घेतलेलं चित्रण.)

व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा पुरे. कॅमेरा असा मागे आणि उंच हवा. नुसते जिंकलेले फटके जोडू नका, पूर्ण रॅली दाखवा, हरलेल्याही. फटका मारल्यावर पाय कुठे जातात, दडपणाखाली दुसरी सर्व्हिस कशी पडते, डबल फॉल्टनंतर टॉवेलकडे जाताना खांदे पडतात का, हे कोचला बघायचं असतं. पुण्याचा टेनिसपटू अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट या अमेरिकन विद्यापीठाकडून खेळला. भारतात राहून त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी तर असा व्हिडिओ फार मोलाचा, कारण प्रत्येक स्पर्धेला कोच येऊ शकत नाही.

अभ्यासात १६ ठरावीक विषय आणि किमान २.३ जीपीए लागतो. त्यातले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्यांतले गुण नंतर सुधारता येत नाहीत. चांगले खेळाडू इथेच अडकतात.

पैशांचं बोलणं सर्वांत नाजूक. पूर्वी मुलांच्या संपूर्ण संघाला मिळून साडेचार स्कॉलरशिप असत. कॉलेज खेळांबाबतच्या जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांत ही मर्यादा गेली आणि संघाची कमाल संख्या १० ठरली. पण दहाही जणांना पूर्ण पैसे मिळतील असं धरू नका, ते कॉलेजच्या बजेटवर ठरतं. आणि तोंडी शब्द दोन्ही बाजूंना बांधील नसतो. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, मुरलेला खेळाडू मिळाला, तर कोच मन बदलू शकतो. म्हणून थेट विचारा : तुमच्या यादीत मी कितवा? पैसे किती, किती वर्षांसाठी, आणि लेखी कधी?

हे प्रश्न मुलाने स्वतः विचारायचे. पालकच बोलत राहिले, तर पुढची चार वर्षं ज्याला सांभाळायचं तो मुलगा कसा आहे, हे कोचला कळतच नाही.