झारेकऱ्याची सुपली आणि संगणकाची चिप

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सराफ बाजारात कधी भल्या सकाळी गेला असाल, तर ब्रश आणि सुपली घेऊन दुकानांच्या पायऱ्या, फरश्यांच्या फटी, गटाराची तोंडं झाडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ते झारेकरी. कानशीतून उडालेला कीस, चपलेला चिकटून बाहेर गेलेला कण, सोनाराने हात धुतलेलं पाणी, एवढ्यातून ते सोनं काढतात. माझे आजोबा हेच करायचे. मी रसायनशास्त्र शिकलो, सोन्याचा कस तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर संगणकाच्या भंगाराच्या नादी लागलो. तेव्हा लक्षात आलं की मी आजोबांच्याच धंद्यात परत आलोय. फक्त गटार बदललंय.

मोबाइलवर व्हिडिओ येतात. एक माणूस बादलीत संगणकाचा बोर्ड, म्हणजे चिपा बसवलेली पाटी, बुडवतो, पाणी हिरवं होतं, आणि पुढच्या मिनिटाला त्याच्या तळहातावर पिवळा गोळा. मधलं सगळं कापलेलं असतं. मी आज ते मधलंच सांगणार आहे.

चिपमध्ये सोनं असतं कुठे? काळ्या प्लॅस्टिकच्या आत सिलिकॉनचा तुकडा असतो, आणि त्याच्यापासून बाहेरच्या पायांपर्यंत बारीक तारा ताणलेल्या असतात. त्या सोन्याच्या. जाडी साधारण २५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. एक तार ३ मिलिमीटर लांब धरा आणि गणित करा: वजन ०.०३ मिलिग्रॅमच्याही किंचित खाली. शंभर तारांची चिप असेल तर ३ मिलिग्रॅमही भरत नाही. एक ग्रॅम सोन्यासाठी अशा साडेतीनशे चिपा लागतील. आणि एक ग्रॅम सोनं म्हणजे केवढं? एक मिरीचा दाणा.

दुसरी जागा म्हणजे मुलामा. रॅमच्या पट्टीची पिवळी किनार सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. तो थर अर्धा मायक्रॉन धरला, तर एक चौरस सेंटीमीटरवर जेमतेम १ मिलिग्रॅम सोनं. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरांची, ४८६ किंवा १९९५ सालच्या पेंटियम प्रोची गोष्ट वेगळी. तेव्हा कंपन्यांचा हात सैल होता. पुढे सोनं महागलं, हात आखडला, आणि आता पुष्कळ चिपांत तारा तांब्याच्या असतात. त्यामुळे ‘किलोमागे अमुक सोनं’ असा सरसकट भाव सांगणारा भेटला, तर त्याने एक तर माल पाहिलेला नाही किंवा तुम्हाला पाहिलंय.

पहिलं हत्यार चुंबक. रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात ना, तोच. जुन्या सिरॅमिक चिपांच्या सोनेरी पिना चुंबकाला चटकन चिकटतात. सोनं चिकटत नाही, हे पोरांनाही ठाऊक आहे. पण मुलाम्याखाली लोखंड, निकेल आणि कोबाल्टची मिश्रधातू असते. चुंबक सोनं दाखवत नाही, सोन्याखालचं घर दाखवतो.

आता सोल्डर, म्हणजे चिपांचे पाय बोर्डाला जोडणारा धातू. सोनारांचा डाख असतो तसाच हा. जुना म्हणजे ६३ भाग कथील, ३७ भाग शिसं, १८३ अंशांना वितळणारा. युरोपने जुलै २००६ पासून शिशावर बंधन आणलं आणि बिनशिशाचा डाख रूढ झाला. त्यातल्या सर्वांत चालणाऱ्या प्रकारात ३ टक्के चांदी असते, किलोला ३० ग्रॅम. गंमत पुढे आहे. वितळलेलं कथील सोनं खातं, गरम चहात साखर जावी तसं. सांध्यात ३ टक्क्यांच्या वर सोनं गेलं की सांधा ठिसूळ होतो. म्हणून जिथे चूक परवडत नाही, उपग्रहासारख्या कामात, तिथे सोनेरी पाय आधी वितळलेल्या डाखाच्या भांड्यात बुडवून सोनं मुद्दाम उतरवून घेतात. ते सोनं जातं कुठे? त्या भांड्यातच साठत राहतं. आजोबांनी ते भांडं कुणाला धुऊ दिलं नसतं.

याच कथलाने माझी पहिली फजिती केली. मी शहाणपणा करून डाखासकट पिना थेट तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकल्या. तांबं विरघळलं, पण कथील विरघळत नाही, त्याचा पांढरा लगदा होतो. साबुदाण्याच्या चिकासारखा. गाळणकागदातून थेंब उतरेना. तीन दिवस मी फनेलपुढे बसून होतो आणि सोनं त्या चिकात अडकलेलं. करायचं असतं ते उलट: आधी डाख वितळवून झटकायचा, राहिलेला हायड्रोक्लोरिक आम्लात सोडवायचा, मग तेजाब.

सगळ्यात शेवटी अम्लराज, तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. पिवळं पाणी होतं. त्यात सोनं आहे की नाही, हे कथलाच्या क्लोराइडचा एक थेंब सांगतो. कागदावर जांभूळ चिरडल्यासारखा डाग पडला की समजायचं, आहे. म्हणजे जे कथील वैरी होतं, तेच इथे साक्षीदार. मग सोडियम मेटाबायसल्फाइट घातलं की तळाशी सोनं बसतं, विटेच्या भुकटीसारखं. नवखा माणूस गाळ समजून ओतून देईल.

यातलं काहीही घरी करू नका. नायट्रिकच्या तपकिरी धुराचा त्रास कित्येकदा काही तासांनी सुरू होतो, माणूस घरी जाऊन जेवून झोपलेला असतो तेव्हा. मुरादाबाद आपल्या भांडी बाजारासारखंच पितळेचं गाव. तिथे बोर्ड उघड्यावर जाळून राख रामगंगेच्या काठी धुतात. शिसं नदीत, डायऑक्सिनचं विष हवेत, आणि जाळणाऱ्याच्या हाती दिवसाची मजुरी. आपली गोदावरी सराफ बाजारापासून हाकेच्या अंतरावर आहे, एवढंच सांगतो.

मोठे कारखाने वेगळ्या वाटेने जातात. बेल्जियममध्ये होबोकेनला बोर्ड भट्टीत घालतात, तिथे वितळलेलं तांबं आणि शिसं मौल्यवान धातू गोळा करतं. अशा तांब्याचं विजेने शुद्धीकरण केलं की सोनं-चांदी टाकीच्या तळाच्या गाळात राहते. म्हणजे अब्जावधींच्या कारखान्यातही सोनं शेवटी गाळातच! टोकियोच्या ऑलिंपिकसाठी जपानने सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणं जमवली, त्यात ६२ लाख मोबाइल. सोनं निघालं ३२ किलो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. त्यांत उत्पादकांच्या जबाबदारीचा हिशेब सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर ठेवलाय. म्हणून घरातला जुना संगणक नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याला द्या, आणि देताना पावती मागा.

ही कुपी पहिल्या रांगेपासून फिरवतोय. तळाशी तपकिरी दिसतंय ते एक ग्रॅम सोनं, चार महिन्यांचं काम. झाकण उघडू नका, वरचा पंखा चालू आहे.