हात बारीक, पोट सुटलेलं: आधी कट की आधी बल्क?

नमस्कार मंडळी! जिमला नुकतीच सुरुवात केलेल्यांचा एक प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. "वजन ६५ किलो, हात काटक्यांसारखे, पण शर्ट इन केला की पोट दिसतं. आधी पोट कमी करू की बॉडी बनवू?"

जिममध्ये यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो, आधी कट कर, म्हणजे खाणं कमी करून चरबी उतरव. मग पोरगा भात सोडतो, रात्री नुसती काकडी खातो आणि तासभर ट्रेडमिलवर पळतो. वजन उतरतं, पण चेहराही उतरतो आणि हात होते त्याहून बारीक होतात. दुसरा म्हणतो, बिनधास्त बल्क कर, म्हणजे जास्त खाऊन वजन आणि स्नायू वाढव. मग गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरचा, डबा येतो, केळ्याचे शेक सुरू होतात आणि दंडाच्या आधी कंबर वाढते.

माझं मत ऐका. तुम्ही अगदी नवीन असाल, तर पहिले सहा महिने या दोन्हीच्या वाटेला जाऊ नका. ज्या स्नायूंवर कधी वजनच पडलेलं नाही, ते थोड्या व्यायामानेही झपाट्याने वाढतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा शरीर साठलेल्या चरबीतून काढू शकतं. फक्त जेवणात प्रोटीन पुरेसं हवं. चरबी कमी होणं आणि स्नायू वाढणं एकाच वेळी चालतं, आणि ते सर्वांत सोपं असतं सुरुवातीच्याच काळात. ही संधी उपाशी राहून घालवू नका, प्लीज.

आता वजनकाट्याबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्यापैकी कितीतरी जण असेच आहेत, दिसायला बारीक आणि आतून चरबी जास्त. म्हणून काट्यावर विसंबू नका, टेप घ्या. सकाळी अनशापोटी सरळ उभे राहा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०.

कंबर याच्या वर असेल, तर रोजच्या खाण्यातून ३०० ते ४०० कॅलरी कमी करा. म्हणजे साधारण संध्याकाळचा वडापाव आणि त्याच्यासोबतचा गोड चहा. बस, एवढंच. कंबर मर्यादेत असेल, तर आहे तेवढंच खा. आणि खरोखरच बरगड्या मोजता येत असतील, पोटाचा प्रश्नच नसेल, तर दोन घास जास्त खा.

खरी गोची प्रोटीनची आहे. वजनाच्या दर किलोला १.६ ग्रॅम धरा, म्हणजे ६५ किलोला १०४ ग्रॅम. आता आपलं ताट बघा. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, रात्री पुन्हा तेच. सगळं मिळून जेमतेम ४०-५० ग्रॅम. वरणात प्रोटीन असतं हे खरं, पण आपलं वरण पातळ असतं हो! चार अंडी घाला, २४ ग्रॅम झाले. ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून रश्श्यात टाका, आणखी २५. शंभर ग्रॅम पनीर म्हणजे साधारण १८. प्रोटीन पावडर घेतलीच पाहिजे असं अजिबात नाही. किडनीचा त्रास किंवा डायबेटिस असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. स्क्वॉट, डेडलिफ्ट, छातीसाठी प्रेस, पाठीसाठी रोइंग. प्रत्येकाचे तीन सेट (फेऱ्या), एका सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, म्हणजे तितक्या वेळा तीच हालचाल. वही ठेवा. बाराही रेप्स नीट जमले, की पुढच्या वेळी थोडं वजन वाढवा.

महिन्याभराने काटा तिथेच दिसेल, तेव्हा घाबरू नका. कंबर कमी होतेय आणि वहीतले आकडे वाढतायत ना? मग काहीच बदलू नका. वहीतले आकडे बरेच आठवडे अडले आणि कंबर मर्यादेत आली, की तेव्हा बल्कचा विचार करा. रोज २०० ते ३०० कॅलरी जास्त, त्याहून नको, आणि टेप दर रविवारी.